चढाला मार्क नाहीत

परीक्षणं लिहायची मला जुनी खोड आहे. बीडसारख्या गावात ज्याचं अक्षर बरं आहे आणि जो फुकट लिहून देतो, त्याच्या घरी लोक आपोआप पुस्तकं आणून टाकतात. गेल्या चाळीस वर्षांत मी कवितासंग्रहांची, कादंबऱ्यांची, एका पतसंस्थेच्या स्मरणिकेची आणि एकदा (संपादकाच्या आग्रहाखातर) एका मंगल कार्यालयाचीसुद्धा परीक्षणं लिहिली आहेत. त्यामुळे 'मुखपृष्ठ समर्पक, छपाई सुबक, मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते' ही तीन वाक्यं हाताला अशी बसली आहेत की, परवा सौभाग्यवतींनी टीव्हीवर बघून काहीतरी भाजी केली तेव्हाही माझ्या तोंडून तीच बाहेर पडली. मुद्रणदोष म्हणजे मीठ होतं. ते टाळता आलं असतं.

पण सायकलीचं परीक्षण करायची पाळी येईल असं काही वाटलं नव्हतं.

झालं असं की डिसेंबरात पुण्याहून पुतण्या आला. पुण्याला कुठल्याशा कंपनीत तो असं काही काम करतो की जे मला अजून कळलेलं नाही आणि त्यालाही फारसं सांगता येत नाही. पण पगार मात्र दोघांनाही कळतो. मोटारीच्या पाठीमागे सायकल बांधून आला. बांधून म्हणजे आपण टपावर गादी बांधतो तशी नव्हे. त्यासाठी खास लोखंडी पाळणा होता. सायकल खाली उतरवली तशी गल्ली गोळा झाली. पहिला प्रश्न, "कितीची?" हा आमच्याकडे विचारायचाच असतो, लग्नातल्या साडीपासून किडनीच्या ऑपरेशनपर्यंत. पुतण्या हळू आवाजात म्हणाला, "साडेचार." कुणीतरी म्हणालं, "साडेचार हजार म्हणजे बरी मिळाली." त्यावर तो गप्प बसला. नंतर घरात आल्यावर मला म्हणाला, "काका, साडेचार लाख."

मी दाराला कडी घातली.

"तुम्ही एवढी परीक्षणं लिहिता," रात्री जेवताना तो म्हणाला, "हिच्यावर लिहा की एक." आणि मी, ज्याने कविता न समजताही सत्तावन्न कवींना उत्तेजन दिलं, त्याने सायकलीला नाही कसं म्हणावं?

परीक्षणाचा नियम असा की आधी बाह्यांगाबद्दल लिहावं. तर बाह्यांग असं. हिला घंटी नाही. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. दिवा नाही, डायनामो नाही, कुलूप नाही, कॅरिअर नाही आणि स्टँडसुद्धा नाही. उभी करायची तर भिंतीला टेकवा, नाहीतर चक्क जमिनीवर आडवी टाका. साडेचार लाखांची वस्तू आली ती आमच्या अंगणात तुळशीपाशी आडवी पडून राहिली, आणि सौभाग्यवती दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन "झोपली का अजून?" म्हणून बघून जाऊ लागल्या. हँडल मात्र ८०० मिलिमीटरचं, म्हणजे साडेएकतीस इंच रुंद. आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून ती सरळ येईना. म्हशीची शिंगं वाकडी करून तिला आत घ्यावं तशी तिला आत घ्यावी लागली.

"दळण कशावर ठेवायचं?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"काकू, ही दळणाची नाही."

"मग कशाची?"

"उतरायची."

"उतरायला सायकल कशाला लागते?" म्हणून त्या आत गेल्या. माझ्या मते टीकेचा मूळ मुद्दा त्यांनी तिथेच मांडला होता. पण समीक्षकाने लगेच मुद्द्यावर यायचं नसतं.

आता अंतरंग. आमच्याकडे ज्याला शॉकअप म्हणतात ती वस्तू हिला दोन. पुढचं चाक १७० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सात इंच वर-खाली होतं आणि मागचं १६०. स्प्रिंग लोखंडाची नाही, हवेची. आणि ती हवा बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. पुतण्याने मला हेल्मेटसकट वर बसवलं, एक छोटा पंप काढला, शॉकअपच्या दांडीवरची एक रबरी कडी किती सरकते ते मोजलं, हवा सोडली, परत भरली, परत मोजलं. नुसतं बसल्यावर तीस टक्के दबलं पाहिजे, ना जास्त ना कमी. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण माझ्या वजनाचा इतका बारकाईने विचार खुर्ची देणाऱ्यांनी कधी केला नाही. खोटं कशाला सांगू, मी जरा सुखावलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन शॉकअपची सायकल आम्हाला नवीन नाही. वीसेक वर्षांपूर्वी तालुक्या-तालुक्याच्या दुकानांतून 'डबल शॉकअप'वाल्या सायकली आल्या होत्या. जाड नळ्या, अंगावर विजेचे आणि वाघाचे चित्र, मधोमध एक लालभडक स्प्रिंग. आमच्या चिरंजिवांनी दहावीला टक्के पाडायच्या अटीवर एक घेतली. टक्के पडले नाहीत, सायकल मात्र पडली. तिच्यावर बसून पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंग खाऊन टाकायची. माणूस जागच्या जागी उंटासारखा वर-खाली व्हायचा आणि सायकल आपली सवडीने पुढे जायची. पुतण्याच्या सायकलीत मागचं चाक चार सांध्यांच्या अशा जुळणीवर बसवलंय की, चेन ओढली जाते तेव्हा स्प्रिंग फारशी दबत नाही, आणि दगड आला की पुरती दबते. एकच वस्तू पायाला ताठ आणि दगडाला मऊ. असा स्वभाव मी आजवर फक्त काही मुख्याध्यापकांत पाहिला आहे, तोही उलटा.

मग चाकं. पुतण्या मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काका, पूर्वी माउंटन बाइकला सव्वीस इंची चाकं असायची. आता एकोणतीस इंची आलीत. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, हा मोठा शोध आहे." मी काही बोललो नाही. परसात, पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या अण्णांची काळी सायकल टांगलेली आहे. अण्णा म्हणजे माझे वडील, पुतण्याचे आजोबा. टेप घेऊन आलो. त्याच्या एकोणतीस इंचीची रिम भरते ६२२ मिलिमीटर. अण्णांच्या अठ्ठावीस इंचीची भरली ६३५. म्हणजे साहेबांचा शोध लागून तो पुण्याला पोचेपर्यंत आमच्याकडे तो शेडमध्ये टांगून ठेवलेला होता, वर तेरा मिलिमीटर जास्तीच.

"पण आजोबांचा टायर केवढासा!" पुतण्या म्हणाला. त्याचं खरं होतं. त्याचे टायर अडीच इंच रुंद, आणि आत ट्यूबच नाही. आत दुधासारखा एक पातळ पदार्थ असतो. काटा घुसला की हवेबरोबर ते दूध भोकाशी येतं आणि तिथेच थिजतं. बीड जिल्ह्यात बाभळी किती आणि बोराटी किती हे ज्याला माहीत आहे, त्याने या ठिकाणी पुस्तक मिटून क्षणभर डोळे मिटावेत. मी आमच्या सायकलवाल्या मामूंना ते दाखवायला घेऊन गेलो. मामूंनी टायरमध्ये रुतलेला बाभळीचा काटा उपटला, पांढरा थेंब आला, जिरला, संपला. मामू बराच वेळ बघत राहिले. "अच्छी चीज है," ते म्हणाले, "लेकिन फिर हमारे बच्चे क्या खाना?"

या सायकलीचं कूळही सांगायला हवं, कारण ते ऐकल्यावर माझा तिच्यावरचा राग निम्मा उतरला. आम्ही समजत होतो की ही श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी काढलेली वस्तू. पण तसं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे. तिथल्या काही पोरांनी भंगारातून जुन्या, बोजड, एका गिअरच्या सायकली काढल्या. पेपर टाकणाऱ्या पोऱ्यांच्या असतात तसल्या. नाव काय ठेवलं, तर 'क्लंकर'. म्हणजे आपल्या भाषेत खटारा. हे खटारे डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या रस्त्याने सोडायचे. १९७६ च्या ऑक्टोबरात चार्ली केली नावाच्या गड्याने शर्यतच लावली. तीन किलोमीटरच्या आत तेराशे फुटांचा उतार. या सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये. पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली येईपर्यंत तो असा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर खेपेनंतर हब उघडून ग्रीस परत भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा'. गॅरी फिशर नावाच्या पोराने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून दाखवला. १९७७ मध्ये जो ब्रीझने मुद्दाम डोंगरासाठी म्हणून सायकलीचा सांगाडा बनवला, १९८१ मध्ये कारखान्यातून थोक माल निघू लागला, आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये ही खटाऱ्याची नात सुवर्णपदकासाठी धावली. वीस वर्षांत खटाऱ्यापासून पदकापर्यंत. आमच्याकडे वीस वर्षांत रस्त्याची मोजणीसुद्धा पुरी होत नाही.

म्हणजे मूळ पुरुष आपल्यातलाच. काळा, जड, एका गिअरचा, ब्रेक न लागणारा.

आता पुतण्या ज्या प्रकारच्या शर्यतीत उतरतो तिला एंड्युरो म्हणतात. मोटारसायकलवाल्यांकडून घेतलेला शब्द. २०१३ पासून तिची जागतिक मालिकाच सुरू झाली. शर्यतीचा नियम त्याने मला घोंगडीवर बसून समजावला. डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा दुसरा चढायचा, पुन्हा उतरायचा. असे चार-पाच उतार. घड्याळ फक्त उतारावर लावतात.

"आणि चढाला?"

"चढाला टाइम नाही, काका. ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचलं की झालं. गप्पा मारत जा, ढकलत न्या. तो धरत नाहीत."

"धरत नाहीत?"

"नाही. चढाला मार्क नाहीत."

मंडळी, मी मराठवाड्यातला माणूस आहे. चढाला मार्क नाहीत हे वाक्य मी अनेक साहेबांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. पण इतक्या निर्मळपणे कुणी म्हटलं नव्हतं.

अण्णा कापड विकायचे. बीडहून नेकनूरच्या बाजाराला. दुकान नव्हतं, दुकान म्हणजे सायकलीच्या कॅरिअरवरचं गाठोडं. खण, लुगडी, धोतरजोड्या, टोप्या. भरला म्हणजे दीड मणाचा ऐवज. पाली गावापर्यंत रस्ता ठीक. तिथून पुढे मांजरसुंब्याचा घाट लागतो. आता तिथे चौपदरी हमरस्ता झालाय आणि मोटारीत बसलेल्याला घाट संपल्यावर कळतं की घाट होता. तेव्हा एकच अरुंद वाट होती आणि प्रत्येक वळण नावाने ओळखीचं होतं. गिअर नाही. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचे सव्वादोन फेरे, मग चढ असो की सपाटी. (पुतण्याच्या सायकलीला पुढे ३२ दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला ५२, एका फेऱ्याला चाक पाऊणसुद्धा फिरत नाही. भिंतीवरसुद्धा चढेल. एवढी सोय चढासाठी केली आणि मार्क मात्र उताराला ठेवले, हा या कलाकृतीतला मूलभूत अंतर्विरोध होय.) तेव्हा घाटात बसून जायचा प्रश्नच नव्हता. अण्णा हँडल धरून चालायचे आणि शाळेला सुट्टी असली की मी मागून गाठोड्याला खांदा लावायचो.

चढ जड होताच. पण खरी गंमत उताराची होती. त्या काळच्या बहुतेक काळ्या सायकलींचे ब्रेक सळ्यांचे. मूठ दाबली की सळी ओढली जायची आणि रबराचा एक तुकडा रिमला आतून घासायचा. रिकाम्या सायकलीला तो थांबवायचा, पावसात विनंती करायचा, आणि दीड मण माल असला म्हणजे नुसता ओरडायचा. म्हणून भरलेल्या सायकलीवर बसून घाट उतरायचा नाही, हा अण्णांचा नियम होता. सकाळी चढताना चालायचं. संध्याकाळी परत येताना माल खपला असेल, कॅरिअर रिकामं असेल, तरच बसायचं. मग वारं कानात शिरायचं, मी पुढे दांडीवर, आणि अण्णा, जे एरवी कधी गात नसत, ते काहीतरी गुणगुणायचे. माल नाही खपला तर उतारसुद्धा पायी. गाठोड्याला मागून कासरा बांधलेला, तो मी धरून मागे ओणवं होऊन चालायचं. मी चढाला इंजिन होतो आणि उताराला मागचा ब्रेक.

घरी आईला सगळं कळायचं. दिवेलागणीच्या आत गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली की ती डब्यातून गूळ काढायची. अंधार पडला आणि घंटी न वाजता नुसती चाकाची टिकटिक आली की ती काही विचारायची नाही. अण्णा घंटी मुद्दाम वाजवायचे नाहीत की वाजवायचं विसरायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या साली मी पंधरा वर्षांचा होतो. लोक खडी फोडायला जात होते, कामावर सुकडी मिळत होती आणि रेशनला अमेरिकेहून आलेली लाल मिलो. लुगडं कोण घेणार? त्या उन्हाळ्यात आम्ही बाजार एकही चुकवला नाही आणि घाट एकदाही बसून उतरलो नाही. चार वर्षांनी त्याच अमेरिकेतली पोरं उताराच्या मौजेपायी ग्रीस जाळणार होती. त्यांना नावं ठेवत नाही. तापलेल्या ब्रेकचं दुःख त्यांना कळलं होतं, एवढंच म्हणतो.

पुतण्याला हे काहीच माहीत नव्हतं. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, सांगितलं नसेल; तो त्या वेळी लहान होता आणि घाटात यायला लागायच्या आत अण्णांना कोर्टाच्या आवारात स्टँपपेपर विकायचं बैठं काम मिळालं. मीही त्या रात्री सांगितलं नाही. म्हटलं, आधी परीक्षण निःपक्षपाती होऊ द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटमाथ्यावर गेलो. मोटारीने. (चढाला मार्क नाहीत.) हमरस्त्यापासून बाजूला शेळ्यांची एक वाट बिंदुसरेच्या तलावाच्या अंगाला उतरते. दगड, घसरण, सीताफळीची झुडपं, मध्येच कातळाची पायरी. मला ज्या वाटेने शेळीसुद्धा विचार करून पाय टाकताना दिसली, तिच्याकडे बघून पुतण्या म्हणाला, "काका, काय मस्त ट्रेल आहे! पुण्यात असल्या वाटेसाठी पहाटे चारला निघावं लागतं." बालाघाटच्या डोंगराने आम्हाला शेकडो वर्षं नको त्या ठिकाणी दगड दिले, त्यांचं इतकं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. मला डोंगराच्या वतीने संकोच वाटला.

मग तो गेला. अंगठ्याने हँडलाखालचं एक बटण दाबलं, तशी सीट सरकन खाली बसली. सीट खाली गेली की माणसाला मागे-पुढे झुकायला जागा होते. तो पायडलांवर उभा, गुडघे वाकलेले, आणि खालची चाकं एखाद्या गोष्टीवर भांडत असावीत तशी हलत होती; पण वर तो मात्र हलत नव्हता. कमरेच्या वर माणूस देवळात निघाल्यासारखा शांत आणि कमरेच्या खाली दंगल. मी आयुष्यात इतकं चांगलं उतरणं पाहिलं नाही. जे सुंदर त्याला सुंदर म्हटलंच पाहिजे, मग ते साडेचार लाखांचं का असेना.

आता परीक्षकाने पुस्तक न वाचता अभिप्राय द्यायचा नसतो. (देतात. मीही दिला आहे. पण सायकलीच्या बाबतीत ते अंगाशी येतं.) वाटेच्या शेवटच्या सोप्या तुकड्यावर मी बसलो. वय वर्षे अडुसष्ट, मणक्यात एक जागा कायमची धरलेली. गुडघ्यांना पाट बांधले, हेल्मेटचा पट्टा आवळला. "काका, ब्रेक एका बोटाने दाबायचा. फक्त एका," पुतण्याने तीन वेळा बजावलं. मला वाटलं, ही पुण्याची नजाकत असेल. चहाचा कप धरतात तशी.

सुटलो. पहिला दगड आला तेव्हा मी सवयीने दात आवळले. काहीच झालं नाही. पुढचं चाक वर गेलं, खाली आलं, आणि मला त्याची बातमी पोचली ती तार नव्हे, साधं पोस्टकार्ड. मागून दुसरं पोस्टकार्ड आलं. बस्स. मणक्याला कळलंही नाही. मग उतार वाढला, आणि माझ्या उजव्या हाताची चारही बोटं, पंधराव्या वर्षी कासरा धरल्यासारखी, आपोआप आवळायला गेली. शेवटच्या क्षणी तीन आवरली. एक बोट दाबलं.

सायकल हळू झाली. ओरडली नाही, घसरली नाही, विनंती केली नाही. जेवढं बोट दाबलं तेवढी हळू झाली. सोडलं तेवढी सुटली. मुठीतून तेल नळीवाटे जातं, चार छोटे पिस्टन दोन्हीकडून एका पोलादी चकतीला धरतात. चकती रिमपासून दूर, चिखल नाही, पाणी नाही. पुतण्याने नंतर सगळं समजावलं. त्या क्षणी मला एवढंच समजलं की माझ्या एका बोटात दीड मण माल थांबला असता. मी मध्यावर थांबलो. पुन्हा सोडलं. पुन्हा थांबलो. "काका, चालवा की! ब्रेक किती मारताय?" खालून पुतण्या ओरडत होता. मी तेवढंच करत होतो.

शेवटी सपाटीला लागलो तेव्हा उत्साहाच्या भरात अंगठा त्या बटणावर पडला, आणि अध्यक्ष भाषणाला उठावेत तशी सीट माझ्या खालून एकदम वर आली. मी आडवा. समोरून शाळेत निघालेल्या तीन मुली आपापल्या सायकली घेऊन उभ्या राहिल्या. टोपल्या, घंट्या, स्टँड, सगळं जिथल्या तिथे. एकीने मला उठवलं, दुसरीने सायकल उचलली आणि हलकी लागली म्हणून तिला पुन्हा ठेवून पुन्हा उचलून पाहिली. तिसरीने हँडल दोन्हीकडून तपासलं आणि म्हणाली, "बाबा, ह्येला घंटी कामून न्हाई?"

"घंटी लागत नाही गं हिला," पुतण्या म्हणाला.

"मंग घरी कसं कळतं, आल्याचं?"

पुतण्या हसला. मी कपडे झटकत राहिलो.

मोबाईलमध्ये बघून त्याने स्वतःचा वेळ सांगितला. ४ मिनिटं ५० सेकंद. वरच्या एका वळणावर पाय टेकला नसता तर आणखी कमी. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "काका, आजोबा नेकनूरला याच घाटाने जायचे ना? बाबा एकदा काहीतरी म्हणाले होते. त्यांना उतरायला किती वेळ लागायचा?"

"माल खपला तर पंधरा-वीस मिनिटं," मी म्हणालो. "नाही खपला तर तासावर."

त्याला कळलं नाही. मग तलावाच्या भरावावर बसून त्याला सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढं आणि थोडं जास्त. त्याने मध्ये एकदाही मोबाईल पाहिला नाही. परत निघताना तो म्हणाला, "मोटार वर आहे. मी सायकल घेऊन चढतो." मी म्हटलं, "बसून जा, तुझ्याकडे बावन्न दात आहेत." तो बसून गेला. किती वेळ लागला ते त्याने मोजलं की नाही, मला माहीत नाही. मी मुलींच्या मागून पालीला चालत गेलो आणि चहा घेतला.

असो. परीक्षण संपवायला हवं. मुखपृष्ठ समर्पक. किंमत वाजवी नाही. शॉकअप उत्तम, पण ज्याला दगडावरून मौजेने जायचं आहे त्याच्याकडे तो आधी आला आणि ज्याला पोटापायी जावं लागत होतं त्याच्याकडे पोचला तेव्हा लाल स्प्रिंगचं सोंग होऊन पोचला, ही तक्रार नोंदवून ठेवतो. घंटी आणि कॅरिअर नसणे हे मुद्रणदोष समजावेत, पुढच्या आवृत्तीत सुधारावेत. चाकाचं श्रेय शेडमध्ये टांगलेल्या पूर्वसूरींना द्यावं. मात्र ब्रेक हा या कृतीतला एकमेव भाग असा आहे की ज्यावर माझ्यातला परीक्षक गप्प आहे. साडेचार लाखांतला तेवढाच तुकडा कुणी १९७२ साली पोस्टाने पाठवला असता, तर बाकीची सायकल त्यांनी ठेवून घेतली असती तरी चाललं असतं.

पुतण्या पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी त्याला घेऊन मामूंकडे गेलो. अण्णांची काळी सायकलही शेडमधून काढून बरोबर ढकलत नेली. मामूंनी चकती बघितली, पिस्टन बघितले, मूठ एका बोटाने दाबून चाक फिरवलं, थांबवलं, फिरवलं, थांबवलं. अगदी माझ्यासारखं. मग अण्णांच्या सायकलीकडे वळून म्हणाले, "इसकू बैठेगा क्या?"

"नाही मामू," पुतण्या म्हणाला, "त्या फ्रेमला चकती बसवायला जागाच नाही. वेल्डिंग करावं लागेल, हब बदलावा लागेल, पुढचा चिमटा एवढा जोर सहन करणार नाही..."

मामूंचं लक्ष नव्हतं. त्यांनी कानामागचा खडू काढला, काळ्या चिमट्यावर डाव्या बाजूला, हबच्या वर चार बोटं सोडून, दोन रेघा मारल्या आणि मला म्हणाले, "सोमवार कू आओ."

त्याला आता तीन सोमवार झाले. दर वेळी जातो. सायकल उलटी करून ठेवलेली असते आणि खडूच्या रेघा थोड्या सरकलेल्या असतात.